ब्रोन्काच्या कपाटाची दारं

१४ मार्च, मंगळवार

आज झेनॉनने ब्रोन्काच्या कपाटाची दोन्ही दारं काढली. बिजागऱ्यांसकट! मी कणीक मळत होते, हात पिठाचे. मी बाहेर येईपर्यंत एक दार अंगण ओलांडून त्याच्या शेडमध्ये पोचलंसुद्धा. आता कपाट दात पडलेल्या तोंडासारखं उघडं आणि आत माझ्या बहिणीचे झगे लटकताना दिसतात. निळा, ठिपक्यांचा, आणि तो तपकिरी, जो तिला कधीच शोभला नाही. पण तिला सांगायची सोय नव्हती.

"अक्रोडाचं लाकूड आहे गेनिया. असं आता बघायलाही मिळत नाही," म्हणे.

या वेळी स्पीकरला खोका करणारच नाही. नुसती उभी फळी, फळीला भोक, भोकात स्पीकर, पाठ सताड उघडी. आवाज पुढूनही येणार आणि मागूनही. खोक्यातला आवाज म्हणजे पिंपात तोंड घालून बोलणारा माणूस, असं त्याचं मत. स्पीकरच्या कारखान्यात चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याने खोकेच तपासले, तेव्हा हे मत कुठे होतं कोण जाणे.

ही वहीही कारखान्याचीच. बंद पडला तेव्हा झेनॉनने कोऱ्या तपासणी-वह्यांचा गठ्ठा उचलून आणला. पानावर दोन रकाने आहेत, 'पास' आणि 'रद्द'. मी दोन्हींत लिहिते.

नवी केटल आणली. जुनीची शिट्टी वाजेना. हिचीही वाजत नाही. हल्ली वस्तूच तशा. पण लाल आहे, ओट्यावर छान दिसते.

१९ मार्च, रविवार

फळ्या बैठकीच्या खोलीत उभ्या राहिल्या. भिंतीला टेकवायच्या नाहीत, मागचा आवाज गुदमरतो म्हणे. म्हणून बरोबर मधोमध. चहा न्यायचा तर वळसा. दोन उंच पाहुणे आलेत आणि बसा बसा म्हटलं तरी बसत नाहीत, असं वाटतं. सकाळभर मला हसू येत होतं.

मग त्याने टेप लावली. एकोणऐंशी सालच्या सहलीची. कारखान्यात स्पीकरचे कागदी कोन चिकटवणाऱ्या, कोनाच्या टेबलावरच्या आम्ही अकरा जणी बसमध्ये गातोय. तिसऱ्या कडव्याला सगळ्या गप्प होतात आणि ब्रोन्का एकटी वर चढते. पातळ आवाज, काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवावं तसा. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत. पण फोटो गात नाहीत. तिचा आवाज जगात एवढ्या एका टेपवर उरलाय.

तिसरं कडवं आलं. आम्ही गप्प झालो. आणि पुढे नुसती बसची घरघर. ब्रोन्का नाहीच.

"टेप झिजली," मी म्हटलं. "गेली बघ. टेपवरूनही गेली."

झेनॉन माझ्याकडे बघत राहिला. टेप मागे नेली, परत लावली, परत माझ्याकडे बघितलं. मग बंद केली.

"टेपचं मी बघतो. तू मला मधला कोन करून दे."

जेवण गेलं नाही. बिटाचं सूप तसंच मांजरीला दिलं. तिनेही नाही खाल्लं.

२ एप्रिल, रविवार

हात अजून विसरलेले नाहीत!

माझी शाळा चौथीपर्यंत. मग घरची बदकं राखली, मग सतराव्या वर्षी कारखाना. स्पीकरच्या पोटात जो कागदाचा कोन असतो तो चिकटवायचा, सव्वीस वर्षं. शेजारच्या खुर्चीवर ब्रोन्का. मोठ्या कोनाच्या मधोमध एक छोटा कोन बसतो, फुलात फूल असावं तसा. बारीक आवाज तोच काढतो. झेनॉनला तो हवा होता. कात्री घेतली, सरस गरम केला, दुपारपर्यंत दोन तयार.

कोन बरा की वाईट ते आम्ही अंगठ्याने सांगायचो. कडेला अंगठा दाबायचा. मऊ असला तर आवाज भिजका, कडक असला तर किरकिरा. माझ्या अंगठ्याने पास केलेला कोन पुढे अडायचा नाही. पुढे म्हणजे झेनॉनकडे. तो काचेच्या खोलीत बसून ऐकायचा. ऐकण्यात खोट आली की खडूने मोठी फुली. त्या फुलीला मॅनेजरसुद्धा घाबरायचे. सगळे त्याला 'कान' म्हणायचे. बाजारात अजून म्हणतात.

आज म्हणाला, "अजून छोटे कर. आणि रोगण पाज. कडक कर."

"आणखी कडक? किरकिरेल."

"कर तर."

१६ एप्रिल, ईस्टर

बोझेना सकाळीच आली, खसखशीचा रोल घेऊन. माझ्यासारखा होत नाही तिचा, पण लेकीला असं सांगत नाहीत. अंडी रंगवली, सॉसेज, मुळ्याची चटणी, सगळं झालं. मग झेनॉनने स्पीकर लावला. नवे कडक कोन.

मला फार आवडला. प्रत्येक शब्द सुटा सुटा, जसा शेंगेतून वाटाणा. कितीतरी दिवसांनी असं ऐकलं. पण बोझेनाने काटा खाली ठेवला. "बाबा, कानात टोचतंय हो. सुई घातल्यासारखं."

झेनॉनने तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला?"

"मला छान वाटतंय."

नंतर बोझेनाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, त्यांची बाजू घेऊ नकोस. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाही, म्हणून ते वाढवत चाललेत. बाबांचे कान गेले."

मी भांडी घासत राहिले. पाणी थंड झालं तरी घासत होते. ज्याला अख्खं गाव 'कान' म्हणतं त्याचेच कान जावेत! आणि त्याला ठाऊक नाही. आणि ते मी सांगायचं.

नाही सांगणार.

२५ एप्रिल, मंगळवार

आणखी कडक कोन हवेत. तिसऱ्यांदा. दिले.

१४ मे, रविवार

रेल्वेच्या बांधावर यंदाही रातकिडे नाहीत. सलग दुसरं वर्ष. पूर्वी या दिवसांत भर दुपारीसुद्धा त्यांचा नुसता दंगा. दरवाजा लावून घ्यावा लागायचा. ही सगळी शेजारच्या फ्रानेकची करणी. बटाट्यावर कसलं औषध मारतो, सगळं मरतं. गेल्या वर्षी कुंपणावरून त्याला चांगलं सुनावलं. "किडे मारलेस, उद्या माणसं मारशील," म्हटलं. तेव्हापासून त्याची अंडी घेत नाही, बोलतही नाही. तो बिचाऱ्यासारखं तोंड करून टोपी काढतो. काढू दे.

दुपारी एदेक आला. झेनॉनबरोबर काचेच्या खोलीत बसायचा, त्याचा हाताखालचा. जूनच्या चोवीस तारखेला आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये जुन्या कामगारांचा मेळावा आहे. जो तो घरी बनवलेले स्पीकर आणतो आणि सगळे ऐकतात. एदेक म्हणाला, दाखव काय केलंयस.

अर्धं गाणं झालं नाही तोच एदेकने कपाळ धरलं. "झेनॉन, दादा, हे काय? कारखान्यात असता तर तूच फुली मारली असतीस."

"असेल."

"मधला कोन काढ. किंवा मऊ लाव. गेनियाबाई, तुम्ही तरी सांगा. तुमचा अंगठा काय म्हणतो?"

खरं सांगायचं तर अंगठा पहिल्या दिवसापासून म्हणतोय की हा कोन रद्द. आमच्या टेबलावर कुणी असा केला असता तर मी तिच्या हातावर चापट मारली असती. पण कान म्हणतो, बरोबर आहे. सव्वीस वर्षांत दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं. मी ठरवलं, अंगठाच म्हातारा झाला.

"माझा अंगठा चुली-भांड्यांत गेला," मी म्हटलं, आणि एदेकच्या हातात त्याची टोपी दिली. कॉफी अर्धी राहिली होती त्याची.

गेल्यावर झेनॉन स्पीकरसमोर बसून राहिला. पाठ वाकलेली. मी मागे उभी होते. त्याच्या मानेवरचे केस वाढलेत, कापायला हवेत. एवढंच सुचलं मला.

३० मे, मंगळवार

झेनॉनच्या हातापाया पडले. म्हटलं, मेळाव्याला हे नेऊ नकोस. नाहीतर आधी कानाच्या डॉक्टरला दाखव.

तो कानशीने फळीची कड घासत होता. थांबला. "मी दाखवायचे?"

"मग काय मी?"

कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "एका अटीवर. तूही माझ्या शेजारी तपासून घ्यायचं. मला एकट्याला लाज वाटते."

केवढासा झाला माझा झेनॉन! एकट्याला लाज वाटते! मी म्हटलं, येते बाबा, मलाही कानांवर ते तपासायचं यंत्र लावू दे, त्यात काय. बोझेनाने फोनवरून वेळ घेतली. सत्तावीस जून. मेळाव्यानंतरची. आधीची मिळेना.

८ जून, गुरुवार

पूर्वी मी काम करताना गुणगुणायचे. आज लक्षात आलं, बरेच दिवस नाही गुणगुणले.

२४ जून, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

दारं पलंगपोसात गुंडाळून ट्रेलरवर नेली. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, लोणच्याची काकडी, बडीशेपेच्या हिरव्या पाल्याचा वास, बायका जाड झालेल्या, पुरुष वाळलेले. सगळे मिठ्या मारत होते. कोनाच्या टेबलावरच्या आम्ही चौघी उरलोय. मी क्षणभर सगळं विसरले, खरंच! इतके ओळखीचे चेहरे.

एदेकचे स्पीकर झाले, टाळ्या. आणखी कुणाकुणाचे झाले. मग झेनॉनने फळ्या स्टेजवर उभ्या केल्या. पडद्यापासून चार पावलं पुढे, मोजून. कुणीतरी ओरडलं, "कान आला रे, गप्प बसा!" सगळे खरंच गप्प बसले. इतकी अदब. 

मला त्याने हाताला धरून पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसवलं. मग टेप लावली. आमची.

पहिलं कडवं. मागे खुर्च्या सरकल्या. दुसरं कडवं. मी वळून बघितलं तर माणसं तोंड वेडंवाकडं करतायत, एका बाईने कानात बोटं घातलेली. मला वाटलं जमीन फाटावी.

आणि तिसरं कडवं आलं, आम्ही गप्प झालो, आणि ब्रोन्का आली.

आली. वर चढली. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. शेवटच्या सुरावर ती थोडी हसते, हे मी विसरूनच गेले होते. कुणीतरी मागून तिला गुदगुल्या केल्या होत्या. मीच केल्या होत्या.

तेवढ्यात एदेकने पुढे येऊन बटण पिळलं. आवाज लहान झाला. लोक म्हणाले, हुश्श. आणि ब्रोन्का गेली. सुराच्या मधेच.

टाळ्या वाजल्या, पण आजाऱ्याला वाजवतात तशा. नंतर सामान उचलायला गेलो तर उजव्या दारावर खडूची फुली. मोठी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कुणी मारली कळलं नाही. चेष्टेत असेल. झेनॉनने बघितली. पुसली नाही. पलंगपोस घातला आणि दोरी बांधली.

घरी येताना गाडीत त्याने एकच विचारलं. "ब्रोन्का आली?"

"आली."

"मग झालं."

आणि शीळ घालत असल्यासारखे ओठ केले त्याने. बिचारा. काय झालं ते त्याला कळलंच नाही, या विचाराने मी खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडले.

२६ जून, सोमवार

फुली अजून तशीच आहे. ओला फडका घेऊन गेले, तर म्हणाला, "राहू दे. बरोबर मारलीय." म्हणजे कळतं त्याला! कळतं, तर मग का केलं असं? विचारायचा धीर झाला नाही. उद्या डॉक्टर काय ते सांगेल. ब्रोन्का गेली तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काही नाही. माणूस शेजारी बसून कणाकणाने जातो, हे अधिक वाईट.

२७ जून, मंगळवार

नर्सने दोन कागद दिले. एकावर रेघ जवळजवळ सपाट, म्हणजे कान शाबूत. दुसऱ्यावर रेघ निघते आणि मध्यावर, बारीक आवाज सुरू होतात तिथे, छपरावरून घसरावी तशी खाली जाते. मी म्हटलं, झेनॉन, धीर धर. तिने तो घसरत्या रेघेचा कागद उलटा करून नाव दाखवलं. माझं.

बसमध्ये विचारलं, कधीपासून ठाऊक आहे? म्हणाला, दुसऱ्या केटलपासून. सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "तू लाल रंगावर खूश होतीस."

उद्या सकाळी खसखशीचा रोल करून फ्रानेककडे जायचं. रातकिडे त्याने मारले नव्हते.