दंडावरचा पहारा

१२ नोव्हेंबर, बुधवार
दंडावर नाण्याएवढी पट्टी बसली. केसासारखी सुई कातडीखाली जाते, रक्त न काढता तिथल्या पाण्यातली साखर मोजते. आकडा आणि चढउताराची रेघ माझ्या मोबाइलवर, तिथून लेकीच्या. माझी रुचा असल्याच पट्ट्यांवर संशोधन करते. तिची स्वतःची पट्टी घरच्यांवर लावायला परवानगी नाही, म्हणून मला बाजारातली. तरी माझे आकडे तिच्या कामी येणारच. ती तसं म्हणाली नाही. गडबडीत राहिलं असेल.
ठरलं ते असं : चौदा दिवसांनी पट्टी उतरेपर्यंत रेघ सपाट राहिली, तर मी मिरजेला. माझ्या घरी, एकटी. हे गेल्यापासून मी इथे उत्तरेत लेकीकडे, तिथे कुलूप. ह्यांचा चष्मा अजून खिडकीत असेल. रडत बसायला जात नाही मी. घराला वारा लागायला हवा, एवढंच.

१३ नोव्हेंबर
माहितीपत्रक वाचून काढलं. शाळा सातवीपर्यंत, पण वाचन सोडलं नाही. रक्तातली साखर कातडीखाली पोचायला थोडा वेळ लागतो म्हणे. म्हणजे खाऊन लगेच जिना चढला-उतरला की ती वाटेतच संपणार. रुचाला हे सुचलेलं दिसत नाही.

१४ नोव्हेंबर
चिक्की खाल्ली. जिना केला. रेघ वर, गुडघा खलास.

१५ नोव्हेंबर, एकादशी
आज कडक उपास. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, केळं. बाकी काही नाही.
संध्याकाळी नात अवनी मोबाइल बघून ओरडली, “आजी, आपका ग्राफ तो पूरा पहाड़ है!” लॅबमधून रुचाचा फोन : “आई, उपास होता की डोहाळजेवण?”
मशीन परदेशी. त्याला उपास काय कळणार.

१८ नोव्हेंबर
शेजारच्या वसुधाताईंबरोबर चौकात गेले. मोबाइल मुद्दाम घरी. आकडा जाणार कुठून? चिकनकारीचे कुर्ते पाहिले, मक्खन मलई, म्हणजे दुधाचा गोड फेस, खाल्ली. विकणारा म्हणाला, “अम्मा, हवा है हवा, इससे कुछ नहीं होता.” अनुभवी माणूस. आणखी एक घेतली.
घरात पाऊल टाकलं आणि पट्टीने मोबाइलला सगळं सांगून टाकलं. रुचा म्हणाली, “आई, ती लक्षात ठेवते गं.”

१९ नोव्हेंबर
पट्टी ओढून काढणार होते. हे असते तर म्हणाले असते, “माणिक, असू दे.” असू दिली.
आजपासून खरंच.

२३ नोव्हेंबर
भाकरी, भाजी, आलमबागला मेट्रोच्या पुलाखालून चालणं. रेघ सपाट. अवनी म्हणाली, “आजी, अब तो मैदान हो गया!”
बॅग भरली. रुचाला चारबाग स्टेशनहून गाडी बघायला सांगितलं. ‘हं’ म्हणाली. म्हणजे झालंच.

२६ नोव्हेंबर
पट्टी उतरली. रुचाने मिठी मारली. तिचे बाबा गेल्यापासून तिला इतकी खूष पाहिली नव्हती. म्हणाली, “बघ, इथे किती छान कंट्रोल आलाय! तिकडे एकटीला जमलं असतं का हे? आता इथेच राहायचं.”
माझे आकडे तुझ्या संशोधनात कुठे घालणार, विचारलं. “अगं, ते कुठे घालायचे? तुझ्यावर लक्ष राहावं म्हणून होतं ते.”
मग दुसऱ्या दंडावर नवी पट्टी लावली तिने. बाही मीच वर धरून होते.