माग थांबला की आज्जी उठते

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची सोलापुरात! मंद्रूपहून यष्टीनं निघाले ती जेवणाच्या टायमाला हितं हजर. अंगणवाडीतून रिटायर होऊन घरात माशा मारायच्या, त्यापरीस हे बरं. काम काय, तर सावित्रम्मांना सोबत करायची. बाई तेलुगू, विणकर घरातल्या, ऐंशीच्या पुढच्या, हसल्या की डोळं गायब. खाली त्यांच्या लेकाचे, गुरुचे, टॉवेलचे माग, वर आमी दोघी. काय तो खडखडाट! हितं माणूस झोपतं तरी कसं, म्हटलं. गुरु हसला. म्हणाला, केरामावशी, आईला आवाजातच झोप लागते, माग थांबला की उठते. माग थांबला म्हणजे धागा तुटला, ही उभ्या जन्माची सवय. संध्याकाळी लाईट गेली आणि खरंच की, म्हातारी ताडकन उठून बसली. "दारम तेगिंदा?" म्हणजे धागा तुटला का! मला लई हसू आलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
त्यांची नात संस्कृती पुण्याला नोकरीला हाय, रविवारी येणार. तिनं आज्जीच्या मनगटाला झोप मोजायचं घड्याळ बांधलंय, तिकडं तिला फोनवर दिसतं. आज पोरगी फोनवर रडली. म्हणाली, आज्जीची झोप रोज वाढतीया. डॉक्टर म्हणतात, म्हातारपणी झोप लई कमी झाली तरी वाईट, आणि अशी वाढत चालली तर तेही लक्षण बरं न्हाय. झोप जीव घेत न्हाय, आतलं काहीतरी दुखणं तसं दिसतं. तपासण्या झाल्या, सापडलं काही न्हाय. मी येईपर्यंत तिला सांभाळा, मला एकदा तिच्याशी बोलायचंय, म्हणाली. मी छातीठोक शब्द दिला. माझी झोप कुत्र्याची, बिनघोर रहा म्हटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
जेवण टळलं तरी सावित्रम्मा उठेनात. हाका मारल्या, हलवलं. शेवटी गुरुला सगळे माग बंद करायला लावले. उठल्या, पण लई वेळानं. धाग्याचं विचारलंच न्हाय, नुसत्या रडल्या. म्हणाल्या, तितं, झोपेत, यांचा हातमाग चालू असतो. हे म्हणजे नवरा, वीरभद्रप्पा, जाऊन किती वर्षं झाली. त्यांचा धागा तुटतच न्हाय, मग मी उठू कशी? शेजारघरचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

शुक्रवार
आज मीच उशिरा उठले. मी! ऊन पार जिन्यावर आलेलं. लाईट न्हवती, खाली सगळं गप्प. तरी खट्... खट्... ऐकू येत होतं. सावकाश, एकच माग. गुरुला विचारलं. हितं हातमाग कुटं राहिलाय मावशी, म्हणाला.
सावित्रम्मा झोपेत हसतायत. पाय वरखाली, मागावर बसल्यागत —

शनिवार
गेल्या. सकाळीच. सगळे माग बंद केले, डोकं मांडीवर घेतलं, कानात ओरडले, संस्कृती येतीया वो, एक दिवस थांबा की! न्हाय उठल्या. शब्द दिला होता मी पोरीला. आता कुठल्या तोंडानं —
सुतक. माग बंदच. तरी खट् — खट् —

रविवार
पोरगी आली. बोलायचं राहून गेलं म्हणून माझ्या गळ्यात पडून रडली. आज्जीचं घड्याळ हातात घातलंय. मला तशीच बसल्याजागी डुलकी लागली. सावित्रम्मा दिसल्या, मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. नात आली का, विचारलं. आली म्हटलं. हसल्या. मग घेऊन ये की तिला हिकडं — मलाबी बोलायचंय —

सोमवार
संस्कृती उठंना. श्वास चालू हाय. पाय वरखाली —
गुरु डॉक्टरला आणायला पळालाय. जाताना भेदरून म्हणतो, माग थांबवून बघा. अरे, बंदच हायत! बंद माग आणि कसा बंद करू —
माझेबी डोळे —
न्हाय. कोवळी पोर हाय ती. मी म्हातारी, माझं काय. मीच जाते तितं. धागा हाताला लागला की तोडते. तुटला की ती उठंल. संस्कृती, पोरी, उठलीस तर मला हलवू नगंस, आदी पळ, खाली —
खट् — खट् —
दिसला. लई बारीक हाय गं धा