उणे चाळीस

१२ मे, सोमवार
सुदर्शनरावांची हायब्रिड गाडी आज टोचन करून आली. गंगापूर रस्त्यावर चालता चालताच ताकद गेली! मागं वाळूचा ट्रक. गाडीत आवडाबाई, त्यांची बायको — डायलिसिस करून घरी निघालेली. ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला म्हणून दोघं वाचले.

स्कॅनरवर मोठ्या बॅटरीच्या तापमानाचा बिघाड-कोड. ही बॅटरी मागच्या सीटखाली असते. एप्रिलमध्ये तिचं कव्हर उघडून पंखा आमच्याच गॅरेजात साफ झाला होता. जॉबकार्डावर सही सोमनाथभाऊंची.

मालक पुंजारामकाका भडकले. "सोमनाथ, बॅटरीची वाट लावली तू! उद्यापासून येऊ नको. बोलवीन तेव्हा ये." भाऊ हत्यारं तिथंच ठेवून निघून गेले. मला हे काम त्यांनीच शिकवलं. लई वाईट वाटलं. पण सही त्यांचीच ना.

१३ मे
काका म्हणतात, आख्खी बॅटरी बदल. पुण्याहून यायला आठ दिवस! आवडाबाईंना एक दिवसाआड डायलिसिस. सुदर्शनराव हात जोडूनच उभे राहिले. "पोरी, उद्याचं कसंतरी भागवतो. शुक्रवारपर्यंत बघ. भाड्याच्या जीपमध्ये ती बसूच शकत नाय."

मला बॅटरीवर शंका नाय. आत तापमानाचे तीन सेन्सर आहेत. गाडी उभी असली की तिन्ही अडतीस दाखवतात. मग चालताना काय बिघडतं?

१४ मे
काकांना शेजारी बसवलं, मांडीवर स्कॅनर दिला. गाडी दौलताबादच्या रस्त्याला घातली. आठ किलोमीटर काहीच नाय. काका कंटाळले. मग एक खड्डा आला —

"अमृता! तिसरा उणे चाळीस दाखवतोय!"

मे महिन्यात, आपल्या संभाजीनगरात, उणे चाळीस! तेवढ्यात ताकद गेली. आरशात एसटी, हॉर्न वाजवत अंगावर येणारी. गाडी कडेला कशी घेतली, आठवत नाय. काका घामानं चिंब.

पण कळलं. बॅटरी गार पडलेली नाय. वायर तुटलीय. सेन्सरचं काही पोचलंच नाही की गाडीचं मशीन उणे चाळीस धरतं, अन् घाबरून बॅटरी बंद करतं.

१५ मे
सकाळीच बॅटरीचा सेफ्टी प्लग काढला. रबरी हातमोजे. दहा मिनिटं थांबले — वीज उतरल्याशिवाय हात लावायचा नाय. कव्हर उघडलं.

तिसऱ्या सेन्सरची वायर कव्हरच्या कडेखाली चेपलेली! बोल्ट आवळताना दाबली गेलेली. आतली तार जेमतेम टेकलेली, खड्डा आला की सुटायची.

नवा सेन्सर वायरसकट बसवला. त्याच रस्त्यानं दोन चकरा, मुद्दाम खड्ड्यांतून. तिन्ही एकोणचाळीस. ओरडलेच मी आनंदानं!

काका म्हणाले, "शाब्बास. आता सोमनाथला कायमचा काढतो. दोन जीव गेले असते त्याच्यापायी." मी चहा बाजूला ठेवून गाडी पुसायला घेतली. चूक तर चूकच ना?

१६ मे
आवडाबाईंचा फोन. "वेळेवर पोचलो गं. गाडीत चक्क झोप लागली मला."

१७ मे
दुपारी भाऊंची हत्यारं द्यायला त्यांच्या घरी गेले. न राहवून विचारलंच — "कव्हर लावताना वायर दिसली नाय का, भाऊ?"

"कव्हर मी कुठं लावलं, अमृते? पंखा साफ करून मी जेवायला गेलो. येऊन बघतो तर तू बोल्ट आवळून मोकळी."

आठवलं. खरंच आठवलं.

"मग काकांना बोलला का नाय?"

"तुला काढलं असतं. अन् तपासून सही करायचं काम माझंच होतं."

तिथंच उंबऱ्यात बसून काकांना फोन लावला. "काका, कव्हर मी लावलं होतं."