मागे केलेला हात

प्रिय चिऊ,

जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून आपण दोघी लेन्स पुसत बसलो होतो, ती दुपार आठवते? तुझी दहावी व्हायची होती. पहिल्याच डोंगरावरून धुळीनं माखून आलो होतो. तू काचेवर तोंडानं फुंकर मारलीस म्हणून मी ओरडले, थुंकी उडते, रबरी पंप कशाला आणलाय? तू म्हणालीस, फोटो मी काढते आणि शिस्त तू लावतेस. म्हणूनच बरे येतात, मी म्हटलं. मग तू त्याच पंपानं माझ्या कानात हवा मारलीस. विशेष काही नव्हतं. पण परवा तुझा निरोप आला आणि ती दुपारच डोळ्यांपुढे आली.

निरोप साधाच होता. सासूबाईंबरोबर बऱ्याच दिवसांची डोंगरातली पायपीट, पाठीवर ओझं नको, एकच झूम लेन्स न्यायची, तर कुठली? त्याखाली तू भाबडेपणानं लिहिलंस की सासूबाई म्हणतात, एकच मोठी झूम घे, सगळं तिच्यात येतं, पिशवी कशाला वाहायची. चिऊ, ती पिशवी इतकी वर्षं मी वाहिली आहे.

तू समोरचं दृश्य न सोडता हात मागे करायचीस आणि मी त्यात लेन्स ठेवायचे. कुठली हवी हे तू सांगायची नाहीस, मी विचारायची नाही. दरी असली की आखूड, पाखरू असलं की लांब, कुणाचा चेहरा असला की मधली. उतरवलेली लेन्स माझ्या दुसऱ्या हातात, टोपण लगेच, पाठ वाऱ्याकडे. या सवयीपायी एकदा कड्यावर एका अनोळखी गृहस्थांनी हात मागे केला, तर त्यांच्याही हातात मी लांब लेन्स ठेवली, वर टोपणही काढून दिलं. ते बिचारे म्हणाले, ताई, मी नुसता आळस देत होतो.

तेव्हा खरं सांगते, मला तुझ्या सासूबाईंचा हेवा वाटतो. साठीत पोहायला शिकल्या, पाव घरी भाजतात, चढावर गप्पा मारतात आणि धाप लागत नाही. तुझ्या फोटोंत त्या मधोमध, उन्हात असतात. माझा एकही नाही, कारण मी कायम तुझ्या पाठीशी उभी. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. त्यांचा हिरव्या टोपीतला फोटो तू पाठवलास, तो मी मोठा करून बघितला, टोपी त्यांना शोभते का ते पाहायला. शोभते. मग फोन पालथा ठेवला आणि विनाकारण कपाट आवरायला घेतलं.

गेल्या हिवाळ्यात आपण तिघी टेकडीवर गेलो होतो. ढग फाटून एकदम उजेड आला आणि तुझा हात मागे आला. मी पिशवीच्या चेनशी झटत होते. तेवढ्यात त्यांनी तुझ्या हातात सोललेल्या संत्र्याची फोड ठेवली. तू न बघता ती कॅमेऱ्यापर्यंत नेलीस, आणि आपण पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसले. त्यानंतर बरेच दिवस मी संत्री घरात आणली नाहीत.

आता लेन्स. विहीणबाईंनी सुचवलेली अठ्ठावीस ते दोनशे मिलिमीटरची मी दुकानात जाऊन मुद्दाम हातात घेतली. दोष काढायलाच गेले होते. हलकी निघाली मेली. आपले नेहमीचे दुकानदार म्हणाले, काकू, चांगली आहे हो, तुमचं काय वाकडं आहे तिच्याशी? लेन्सशी काही नाही, मी म्हटलं. शेवटी दोष सापडला. लांब टोकाला नेली की ती उजेड कमी घेते, रानातल्या सावलीत पंचाईत. आणि आकडा जितका लहान तितकं रुंद दिसतं. अठ्ठावीसमध्ये दरीच्या दोन्ही कडा मावत नाहीत, अन् कड्यावर मागे सरकायला जागा नसते. तू चोवीस ते एकशेपाच घे. दरी मावते, चेहरा जवळ येतो, कितीही फिरवली तरी उजेड तेवढाच घेते, चार थेंब पडले तर बिघडत नाही. लांबचं पाखरू हुकेल, ते नुसतं बघ. वजनाला त्यांच्या लेन्सपेक्षा थोडी जड आहे, हेही लिहून टाकते, नाहीतर त्या सांगतीलच. पण एकच ने, हे त्यांचं बरोबर आहे. वाऱ्यात लेन्स बदलताना धूळ आत जाते, आणि बदलेपर्यंत उजेड निघून जातो. हे एवढं वाक्य लिहायला मला दोनदा चहा करावा लागला.

या पायपिटीला येतेस का, असं तू त्यांच्याआधी मला विचारलं होतंस. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे, रोज जिने चढते. टेकडीवर ती चेन उघडत नव्हती, कारण माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी आटोक्यात राहील, जाणार मात्र नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी रेघेवर बसवलेलं माझं अक्षर बघ, कसं रेघ सोडून चाललंय; पाकीट उघडताच तुला कळलं असेल. तुझी काच मी कड्यावरून पाडायच्या आधी पिशवी सोडते, ती या पत्रासोबत येते आहे. आतली आखूड लेन्स जावईबापूंना दे, त्यांना कामासाठी खोल्यांचे फोटो काढावे लागतात. लांब लेन्स विहीणबाईंना, पाखरांचं वेड त्यांनाच आहे. मधली मी ठेवून घेतली आहे, ती मागू नकोस. पिशवीही विहीणबाईंनाच दे, पट्टा त्यांच्या उंचीला जरा आखडून घ्यावा लागेल. तिच्यात संत्री छान मावतात, मी भरून बघितली. आणि चालताना सवयीनं तुझा हात मागे गेला, तर तो रिकामा परत येऊ द्यायचा नाही, एवढं त्यांना माझ्या नावानं सांग.

तुझीच, अजूनही दोन पावलं मागे उभी असलेली,
आई