साराबाईंनी सांगितलेले आनंद

४ फेब्रुवारी, रविवार
नवऱ्याने पुन्हा मारलं. पट्ट्याने, बक्कलाच्या बाजूने. कारण काय, तर साराबाईंकडे अर्धा तास जास्त बसले!

साराबाई भिंतीला भिंत लागून राहतात. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, शाळेतून निवृत्त, आता डोळे गेलेत. त्यांच्या धर्मग्रंथात आनंदाला हिब्रूत कायकाय शब्द आहेत ते नातीसाठी मराठीत लिहून ठेवायचंय. त्या सांगतात, मी लिहिते. विकास म्हणे, "घरात तोंड पाडून बसते, आन् तिथं आनंद लिवते!"

सासूबाई भाकरी थापत होत्या. वळूनही पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी
सिमखा — सणासुदीचा, चारचौघांतला आनंद. सासोन — नवरा-नवरीच्या गलक्यासोबत येतो तो. हे लिहिताना मला हसू आलं. ओठ परत फाटला.

७ फेब्रुवारी
रिना. म्हणजे मोठ्याने ओरडणं. आनंदाने ओरडलं तरी रिना, आणि देवाला मदतीसाठी हाक मारली तरी रिनाच. मी विचारलं, मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं?

साराबाईंनी माझा हात चाचपला. मनगटाची सूज त्यांच्या बोटांना लागली. "सुनंदा, भिंतीपलीकडून रोज ऐकते मी. कळतं गं."

मी रडले नाही. पुढचा शब्द सांगा, म्हटलं.

९ फेब्रुवारी
वही जाळली. बंबात घातली आणि माझे केस धरून तोंड बंबाजवळ नेलं — "वाच आता!" एक भुवई गेली.

१० फेब्रुवारी
नवी वही. पहिल्यापासून.

गील — मुळात गरगर फिरणं. अंगात मावत नाही असा आनंद. पण साराबाईंनी लगेच शास्त्रातली ताकीदही सांगितली: शत्रू पडला तर मनाला गील होऊ देऊ नकोस.

१३ फेब्रुवारी
विकास गेला.

परवा सकाळी मोहोपाड्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. नवी वही त्याच्या हातात! गळा धरला आणि बिनकठड्याच्या कडेपर्यंत रेटत नेलं. श्वास बंद, डोळ्यांपुढे अंधार. मग एकदम हात सुटले. डोळे उघडले तर तो खाली अंगणात, शहाबादी फरशीवर. डोक्यापाशी रक्त पसरत होतं. सासूबाई माझ्याशेजारी उभ्या. "तोल गेला त्याचा," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात दोन दिवस काढले त्याने. आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आणि — खोटं कशाला लिहू — माझ्या आत काहीतरी गरगर फिरलं. लाज वाटली. तरी थांबेना.

१६ फेब्रुवारी
पोलीस जबाब घ्यायला आले. मी म्हटलं, तोल गेला.

सासूबाई उठल्या. पदर सारखा केला. "नाय साहेब. मी ढकालला. माझ्या पोटचा व्हता, पन हिचा गळा सोडंना."

जीपमध्ये चढताना मला म्हणाल्या, "भात ठेवलाय गॅसवर. बंद कर गं."