पडझड बाकी असा!

प्रिय आये,

गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध. आत्याने वड्यांचं पीठ दळून आणलंय, तुझ्या फोटोची काच पुसून झाली आहे आणि बाबांनी न सांगता दाढी केली आहे. म्हणजे सगळं रांगेत आहे. पण त्याआधी, रविवारी आपल्या घरात काय झालं ते तू माझ्याकडून ऐक. आत्या तिच्या पद्धतीने सांगेल आणि त्यात मीठमसाला घालेल, तुला तर माहितीच आहे.

तुझ्यामुळे माझं वर्ष कसं गेलं, ठाऊक आहे का तुला? दर रविवारी बोरिवलीहून जोगेश्वरीला यायचं, बाबांचं जेवण करायचं, आणि मग, गणपतीपर्यंत तरी, त्यांना टीव्हीसमोर बसवून तो तुझा अंड्यांचा सिनेमा लावायचा. लोक आईच्या आठवणीत हरिपाठ वाचतात गं! आमच्या घरात कुंगफू.

शेजारच्या काकींनी एकदा तोंडावर विचारलं की वर्षाच्या आत घरात सिनेमा कसला लावता? काय सांगणार होते त्यांना? कावळ्याला शब्द दिलाय म्हणून?

तो सिनेमा पहिल्यांदा आला तेव्हा आपली चाळ होती. कुणाची तरी पूजा होती, व्हीसीआर भाड्याने आला होता, आणि कॅसेटवाल्याने देवाधर्माच्या कॅसेटसोबत एक चिनी कॅसेट चिकटवून दिली होती. नाव कुणालाच वाचता येईना. बघतो तर काय, खानावळीतला एक हडकुळा पोऱ्या अंड्यांची टोपली घेऊन निघालाय आणि वाटेत त्याला गुंड अडवतात. तो एका हाताने टोपली सांभाळतो आणि दुसऱ्या हाताने, पायाने, डोक्याने, मिळेल त्याने मारामारी करतो. शिडीने, पाटाने, ओल्या पंच्याने. आणि अंडं एक फुटत नाही! अख्खी चाळ लोळून हसली होती.

पण तुझ्यासारखं कुणी हसलं नाही. तू तेव्हा अंधेरीला एमआयडीसीत काचेच्या बाटल्या पॅक करायला जायचीस. दिवसभर काच फुटू न देणाऱ्या बाईला तो पोऱ्या आपल्यातलाच वाटला असणार. तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी, आणि मला कोपराने ढोसत म्हणत होतीस, “ह्येका लागता बघ! आपल्या हिरोंका कधी लागता काय?”

खरंच की. आपला हिरो दहा जणांना झोपवायचा आणि त्याच्या केसांचा भांग मोडायचा नाही. हा बापडा एक ठोसा मारायचा आणि मग स्वतःचाच हात फुंकत बसायचा. आधी पाया पडायचा, मग पळून जायचा, आणि पळायला जागाच उरली नाही की मग लढायचा. तुला तेच आवडायचं. तू म्हणायचीस की शहाणा माणूस आधी पळतोच.

मग तू कॅसेटवाल्याच्या मागेच लागलीस. “तसलाच दुसरा दे” म्हणून. आणि त्याच्याकडे तसले ढीगभर निघाले. पगार झाला की दुपारी आपल्या खोलीत बायकापोरांची ही गर्दी! भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती. गोष्ट तूच सांगायचीस, आणि काय ठासून सांगायचीस! अंड्यांच्या सिनेमातला तो म्हातारा गुरू म्हणजे हिरोचा होणारा सासरा, म्हणून इतका छळतोय. ही बाई भावकीतली, हिचा जमिनीवर डोळा. आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला. पुढे मोठेपणी मी तोच सिनेमा हिंदीत डब केलेला पाहिला, तर त्या म्हाताऱ्याला मुलगीच नव्हती! आये, तू अख्ख्या चाळीला फसवलंस. आणि खरं सांगू, हिंदीतली गोष्ट अगदीच पांचट होती. तुझा सासरा हवा होता त्यात.

स्वयंपाक करताना तू माझ्याशी लढायचीस ते आठवतं? एका हाताने कढईत कालथा, दुसऱ्या हातात झाकण, आणि मी लाटणं घेऊन. बाबा दारातून म्हणायचे, ही मारामारी चाललीय की सैपाक? तू म्हणायचीस, दोन्ही एकच. तुझं झाकण एकदा माझ्या कपाळावर बसलं होतं. अजून हात लावला की लागतं ते टेंगूळ. तू आधी हसलीस आणि मग हळद लावलीस, हे मी विसरलेले नाही.

पण तुझा खरा जीव होता तो शेवटात. सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकायला लागली की बायका चटया गुंडाळायच्या. आणि तू ओरडायचीस, “बसा मेल्यांनू, पडझड बाकी असा!”

पडझड हे नाव तूच ठेवलंस. नावांच्या बाजूला ते शूटिंगमध्ये चुकलेलं दाखवायचे ना, ते. उडी चुकून हिरो आपटलाय, शिडी खरीच डोक्यात बसलीये, चार माणसं त्याला धरून उठवताहेत आणि तो कळवळत हसतोय. सिनेमात एकही अंडं फुटलं नाही, आणि पडझडीत बघावं तर नुसता बलक! हिरोच्या केसांत, कानांत, सगळीकडे. तू ते परत परत बघायचीस. तुझी बाटल्यांची कंपनी बंद पडली त्या आठवड्यातही तू हाच सिनेमा आणलास. मला तर रागच आला होता तुझा. घराची वाट लागलीये आणि ही बाई हसतेय! तेव्हा तू मला जवळ ओढून म्हणालीस की ह्यांना बघ, ह्यांची हाडं मोडली तरी ही माणसं दुसऱ्या दिवशी कामावर येतात. आणि सोमवारी तू दुसरं काम शोधायला बाहेर पडलीस.

बाबांनी मात्र पडझड कधीच पाहिली नाही. गिरणी होती तेव्हा पाळीवरून दमून यायचे, गिरणी गेली तेव्हा वॉचमनकीवरून. सिनेमा सुरू झाला की भिंतीला टेकायचे आणि पहिल्याच मारामारीला घोरायला लागायचे. तू त्यांच्या पोटात बोट खुपसायचीस, ते “बघतंय मां” म्हणायचे आणि परत घोरायचे. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नावांपर्यंत पोचले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मी तो अंड्यांचा सिनेमा इंटरनेटवर शोधून काढला. तुझी तब्येत तेव्हा उतरणीला लागलीच होती. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी वेड्याने तो अख्खा टाकला होता, पडझडीसकट. देव त्याचं भलं करो. तू उशीला टेकून बघितलास, हसून हसून खोकलीस, आणि शेजारी बाबा नेहमीसारखे झोपलेले. तेव्हा तू त्यांच्याकडे बघत मला म्हणालीस, “ह्यांका एकदा तरी पडझड दाखवूक होयी.” एवढंच. मला वाटलं, सहज बोललीस. मी विसरूनही गेले.

मग दहाव्याला पिंड ठेवला आणि तू आमचा अंत पाहिलास! मुंबईत काय कावळ्यांना तोटा आहे? कठड्यावर ओळीने बसले होते मेले, माना वाकड्या करून. एक शिवेना. मी म्हटलं, बाबांची काळजी घेईन. ढिम्म. आत्या म्हणाली, गावच्या देवीची ओटी भरू, तुझ्या देवांची पूजा चुकवणार नाही. ढिम्म. भटजी घड्याळ बघायला लागले आणि दर्भाचा कावळा करू या म्हणाले. बाबा तेव्हा मुंडण केलेल्या डोक्याने इतके लहान दिसत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

ते पुढे झाले, हात जोडले, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, “तुझो सिनेमा पुरो बघतलंय. पडझड धरून. झोपाचंय नाय.”

कावळा आला गं! सरळ उतरला आणि भाताला चोच लावून वडा घेऊन गेला. मी एकदम हसले आणि आत्याने मला चिमटा काढला, आणि मग मी रडत सुटले. तू उशीला टेकून सिनेमा बघितलास त्या दिवशी शेजारी झोपलेले बाबा झोपलेले नव्हतेच, हे मला तेव्हा कळलं. तुला माहीत होतं का?

बरं, शब्द दिला, मग पाळायला नको? तर आमचे बाबा! पहिल्या रविवारी मारामारीआधीच घोरले. मी म्हटलं, वय झालंय, जाऊ दे. पुढे पुढे तर कारणं सुरू झाली. डोळ्यांत पाणी येतंय, पाणी प्यायला उठतो, खाली कुणी हाक मारली वाटतं. एकदा शेवटपर्यंत आले, आणि नावं सुरू होताच टीव्हीने आपणहून दुसरंच काहीतरी लावलं, कुणाचं तरी भाजीचं प्रात्यक्षिक. बाबा खूश. “संपलो” म्हणून उठले आणि खाली निघून गेले.

इकडे आत्याचा फोन दर दोन दिवसांनी. वयनी अडकली असेल गं, दिलेला शब्द आहे, वर्षाच्या आत पुरा करा, नाहीतर तिला गती नाही. मला असल्या गोष्टी पटत नाहीत हे तुला माहीत आहे. पण दिवसभर कामात असते तेव्हा पटत नाहीत. घरी एकटी असले की वाटायचं, खरंच तू कुठे तरी कठड्यावर बसून वाट बघत असशील तर?

गणपतीनंतरच्या एका रविवारी माझा तोल गेला. बाबांनी परत डोळे मिटले होते आणि मला दिसत होतं की पापण्या हलताहेत. नाटक चाललं होतं सरळ सरळ! मी टीव्ही बंद केला आणि नको नको ते बोलले. की आईने आयुष्यभर तुमच्यासाठी खस्ता खाल्ल्या, तुम्हाला तिच्यासाठी दोन तास जागं राहता येत नाही? की दिलेल्या शब्दाची लाज वाटत नाही का?

बाबांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बंद टीव्हीकडे बघत म्हणाले, “पुरो बघलंय तर ती सुटतली. मगे?”

कळलं तुला, आये? म्हणजे हा माणूस इतके महिने तुला धरून बसला होता. आयुष्यभर तुझ्या सिनेमात खरोखरीच झोपला, आणि आता तू जाऊ नयेस म्हणून झोपेचं सोंग घेत होता. आणि मी त्याची लाज काढत होते! मी आत गेले, चहा ठेवला, आणि त्यानंतर कधी त्यांना सिनेमा बघा म्हटलं नाही. रविवारी यायची, आम्ही जेवायचो, बातम्या लावायचो.

परवाच्या रविवारी मी आले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मला वाटलं, कुणाकडे लग्नाला निघालेत. तर म्हणाले, लाव. काय लाव, हे विचारायला लागलं नाही.

त्यांनी बघितला. सगळा. भिंतीला टेकले नाहीत, पाणी मागितलं नाही. ओल्या पंच्याच्या मारामारीला ते हसायला लागले, आधी नाकातून, मग मोठ्याने, कवळी हलेपर्यंत! आणि मध्येच मला विचारतात, “हो म्हातारो सासरो मां तेचो?” मी म्हटलं, हो बाबा, सासराच. दुसरं काय सांगणार होते?

मग सिनेमा संपला. हिरोने टोपली पोचवली, आणि काळ्या पडद्यावर पहिलं नाव आलं.

आणि मी रिमोट दाबून ते थांबवलं.

मी, आये. बाबा नव्हे. इतके महिने त्यांच्या मागे लागलेली मी. माझा हात आपोआप गेला. नाव पडद्यावर अडकलेलं. म्हटलं, एवढं सरलं की संपलं, आता काहीच बाकी नाही तुझं. आज नको, पुढच्या रविवारी बघू, असं काहीतरी मी बोलायला लागले आणि बोलता बोलता हुंदका फुटला. तू गेल्यापासून अशी रडले नव्हते.

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“लाव गो बाय,” ते म्हणाले, “किती थांबवतलंस तिका?”

मी लावलं. आम्ही दोघांनी पडझड बघितली. बाबांनी डोळे पुसले नाहीत, एकटक बघत राहिले, आणि ती शिडी डोक्यात बसली तेव्हा “अरारा” म्हणाले. शेवटचं नाव गेल्यावरही आम्ही तसेच बसून होतो.

तर आता माझा शब्द ऐक. हा कावळ्याला नाही, तुला देतेय. गुरुवारी मी तुझ्यासाठी पान वाढीन, आणि काही मागणार नाही, कसली अट घालणार नाही, काही बाकी आहे असं सांगून तुला अडवणार नाही. आठवण आली की रडेन, ते माझं मी बघेन. पण थांब म्हणणार नाही. तू जा, आये. आम्ही दोघांनी तुला सोडलंय.

तुझीच,
बाय