अण्णांच्या पाठीखालच्या घड्या

ती. ताईस,

धाकट्याचा (तुझ्या भाषेत भिंगरीचा) वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, भाचीचा दात पडला का, हे आधी विचारायला हवं, ते विचारलं असं समज. नऊ दिवस हे पत्र टाळतोय. पहिल्या दिवशी पेन नव्हतं, दुसऱ्या दिवशी पेन मिळालं तर कागद नव्हता, पुढचे सात दिवस दोन्ही होतं आणि मीच थाऱ्यावर नव्हतो. फोनवर सांगितलं असतं, पण तू रडायला लागलीस की मी खोटं बोलतो, आणि या खेपेचा खोट्याचा कोटा संपलाय.

अण्णा तसेच आहेत. डोळे मिटलेले, तोंडात नळी, श्वास यंत्राचा. या अतिदक्षता विभागात माणसं कमी, म्हणून दिवसरात्र एका नातेवाइकाला मदतीला बसू देतात. आपल्या घरातून बसलो मी, ज्याने अकरा नोकऱ्या सोडल्या (बारावी धरू नकोस, तिने मला सोडलं, म्हणजे दुकानच बंद पडलं, त्याची एक वेगळीच गंमत आहे, पण राहू दे).

तर झालं असं. अण्णांना सतत ताप, घाम, आणि नळीतून जाणाऱ्या पातळ जेवणाने पोट बिघडलेलं. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, कोरडं करायचं. वळवलं की बेशुद्धीतही त्यांच्या कपाळाला आठी पडते. आपल्या लाँड्रीत मी कुणाची कॉलर जाळली की पडायची, तीच. मला ती बघवेना. मग मी घरचं डोकं चालवलं. आपलं इस्त्रीचं टेबल आठव : खाली रबर, वर ब्लँकेट, त्यावर चादरीच्या चार घड्या. तसंच्या तसं टेबल मी अण्णांच्या खाली रचलं, आणि त्यांना एकावर एक दोन डायपर. मऊ गादी, वरची चादर कोरडी. सिस्टर आल्या की मी सांगायचो, आत्ताच बदललं, झोपू द्या त्यांना. त्यांना वाटलं, मुलगा गुणी आहे. (असं कुणाला वाटण्याची सवय नसल्याने मीही वाहवत गेलो.)

दीड दिवसाने सिस्टरांनी स्वतः वळवलं. ताई, दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं कशी पांढरी, सुरकुतलेली होतात? अण्णांची कंबरेपासून मांड्यांपर्यंतची कातडी तशी झाली होती, आणि मध्ये मध्ये निघून आतलं लाल दिसत होतं. मी म्हणालो, पडून पडून झालं असेल. त्या म्हणाल्या, "पडून नाही हो, ओलीने झालंय. तुमच्या गादीने सगळं पाणी धरून ठेवलं." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या घड्या एकेक करून काढत गेल्या आणि मी मोजत गेलो. ओला कपडा घडी करून ठेवू नये, हे ज्यांनी मला सहाव्या वर्षी कान धरून शिकवलं, त्यांनाच मी ओलं घडी करून ठेवलं.

आता खाली एकच पातळ चादर. कोमट पाण्याने पुसायचं, घासायचं नाही, टिपायचं, मग पांढरं मलम. आठवडा झाला, जखम आहे तशीच आहे. त्यातून जंतू आत शिरले तर अण्णांना झेपणार नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि हे सांगताना माझ्याकडे बघत नाहीत.

तुझा धाकटा

ता. क. : खरं लिहायचं ते राहिलंच. तू ये. माझी पिशवी भरलेली आहे, उद्या दुपारची गाडी आहे. अण्णांना माझ्या हातात ठेवू नकोस.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवतच होतो तर दाजी आले. होय, तुझेच, तुमच्या लग्नापासून सात वर्षं अण्णांनी ज्यांचं तोंड पाहिलं नाही, ते. तुला फिरतीवर जातो असं सांगून निघालेत म्हणे, आणि तुला कळवायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून एवढंच लिहितो. मी त्यांना सगळं सांगितलं. आता बाह्या दुमडून हात धुताहेत. वळवायची वेळ झाली आहे, आणि त्याला दोन माणसं लागतात. "खांद्याकडे मी धरतो, जखमेकडे कोण?" म्हणून दाजी विचारताहेत. मी म्हणालो, मी.